घरगुती हिंसाचार म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येत नाही?

ओसरी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी,
आमचा एक छोटा गट गृहनिर्माण संस्थांमध्ये आणि वाचनालयांत जाऊन घरगुती हिंसाचाराबद्दल तासाभराचं सत्र घेतो. २५ नोव्हेंबर जवळ आला की बोलावणी वाढतात, कारण तो महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. यंदा फलक नवे करायला घेतलेत. जुने सगळे समोर मांडले तर प्रत्येकावर तेच चित्र: गुडघ्यांत डोकं घालून बसलेली तरुण बाई आणि भिंतीवर उगारलेल्या हाताची सावली.

चित्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्के स्त्रियांनीच कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के कुणाजवळ बोलल्याही नाहीत. पण या आकड्यांची तळटीप वाचलीत का? हे प्रश्न १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही.

मुलाच्या हातचा मार खाणारी आई, माहेरीच राहिलेली अविवाहित बहीण, अंथरुणाला खिळलेले आजोबा, बायकोला घाबरणारा नवरा, हे सगळे त्या चित्रात बसत नाहीत. मग त्यांना स्वतःलाच वाटत नाही की आपल्यावर जे चाललंय त्याला हिंसाचार म्हणतात. शेजाऱ्यांना तर नाहीच नाही. फलकावर कुणाला आणू? आणि 'शेजाऱ्यानं काय करावं' या भागात आम्ही नेहमी अडखळतो, तिथे काय सांगावं? अनुभव असतील तर लिहा. चुकत असेन तर तेही लिहा.

टिंबटिंब
पहिली मी! माझं मत आजीला. आमच्या मजल्यावरच्या एक आजी गेली काही वर्षं 'पडतात'. बाथरूम बदलून झालं, चपला बदलून झाल्या, आजी पडायच्या थांबल्या नाहीत. आता मुलगा परगावी नोकरीला गेलाय आणि आजींचा तोल एकदम सुधारलाय.

जुना खेळाडू
ओसरी, हेतू चांगला आहे. पण मला एक भीती वाटते. उद्या घरात कुणी आवाज चढवला तरी हिंसाचार, भाजी आवडली नाही म्हटलं तरी हिंसाचार. भांड्याला भांडं लागतंच. आमच्या पिढीत भांडणं होत आणि संध्याकाळी मिटत. बाहेरच्यांनी नाक खुपसलं की मिटायचं तेही मिटत नाही.

कागदी होडी
@जुना खेळाडू, काका, भांडण दोघांचं असतं. तुम्ही आणि काकू भांडता तेव्हा काकूही आवाज चढवत असतील ना? (असाव्यात अशी आशा.) मी एवढंच बघते: घरातल्या एका माणसाचा मूड सांभाळायला बाकीचे सगळे श्वास रोखून चालतात का? किल्लीचा आवाज आला की टीव्ही बंद होतो का? त्या घरात कदाचित वर्षभर भांडण झालेलंच नसतं. भांडायची हिंमत कुणाची आहे?

जुना खेळाडू
काकू चढवतात. चांगल्याच चढवतात. तुमचा मुद्दा लक्षात घेतला आहे, मान्य केला असं समजू नये.

वकिली चष्मा
धागा मोठा होणार असं दिसतंय, तेव्हा कायद्याचं आधीच लिहून ठेवतो. यातलं बरंच वकिलांनाही ठाऊक नसतं.

'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो नवरा-बायकोपुरता आहे हा सर्रास गैरसमज. कलम २(फ) मध्ये घरगुती नात्याची व्याख्या आहे: रक्ताचं नातं, लग्न, लग्नासारखं सहजीवन, दत्तक, एकत्र कुटुंब. म्हणजे आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, मुलगी बापाविरुद्ध, विधवा दिराविरुद्ध अर्ज करू शकते. मूळ कायद्यात अर्ज 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करता येई. ते दोन शब्द सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ च्या हरसोरा निकालात काढून टाकले. आणि गंमत बघा, ती तक्रार आई आणि मुलीनं केली होती, मुलगा-सून आणि घरातल्या आणखी दोन मुलींविरुद्ध. ज्या निकालानं या कायद्याचं दार रुंद झालं त्यात मारकुटा नवरा कुठेच नाही.

कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. औषधपाण्याला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं, राहत्या घराच्या वापरावर बंदी घालणं हे सगळं आर्थिकमध्ये येतं.

ओसरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नासाठी कलम ४ वाचा. हिंसा होतेय किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकतो. सद्‌हेतूनं माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी जबाबदारी, ना फौजदारी. 'आपण कशाला कोर्टाच्या भानगडीत पडा' याला उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलंय.

लंबकर्ण
अपेक्षेप्रमाणे पुरुष यादीत शेवटी. 'बायकोला घाबरणारा नवरा' हे वाचून निम्म्या लोकांना हसू आलं असेल, खरं सांगा. वकीलसाहेब, पुरुषानं कुठे जायचं? वरच्या कायद्याच्या नावातच 'महिलांचे' आहे. आणि सासरच्या छळाविरुद्धच्या ४९८अ कलमाच्या गैरवापराबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

शेंडेफळ
आलं! ४९८अ आलं! कितव्या प्रतिसादात येणार यावर मी मनातल्या मनात पैज लावली होती. जिंकले.

वकिली चष्मा
@शेंडेफळ, त्यांचा प्रश्न रास्त आहे, चिडवू नका.
@लंबकर्ण, दोन गोष्टींची गल्लत होतेय. ४९८अ फौजदारी होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ नं घेतली. अटकेच्या सरधोपट वापराला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात लगाम घातलेला आहे. २००५ चा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा: संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा. अटक येते ती न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर.

पुरुषाला २००५ च्या कायद्यासारखं छत्र आज नाही, हे खरं. आहे ते असं: मारहाण आणि धमकीची कलमं स्त्री-पुरुष बघत नाहीत. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट नवराही मागू शकतो. वय साठच्या वर असेल तर ज्येष्ठ नागरिक कायदा, १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो, अपंगत्व असेल तर २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा. हे चारही लिंगनिरपेक्ष आहेत. मधल्या वयाचा धडधाकट पुरुष राहतो तो मात्र खरोखर उघड्यावर.

लंबकर्ण
सरळ उत्तराबद्दल आभार. मग मीच लिहितो. माझ्या अंगावर कधी वळ उठले नाहीत. फेकून मारलेल्या वस्तू बहुतेक वेळा चुकायच्या. फोन तपासला जायचा, आईला फोन केला की दोन दिवस अबोला, आणि मित्रांशी संबंध हळूहळू तुटले कारण प्रत्येक भेटीची किंमत घरी मोजावी लागायची. एकदा पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेलो आणि आतले लोक काय बोलतील ते स्वतःच्याच कानात ऐकून परत फिरलो. आता वेगळा राहतो. बायकांवर जास्त अन्याय होतो हे मला पटवायची गरज नाही, आकडे मलाही वाचता येतात. फलकाच्या एखाद्या कोपऱ्यात एक पुरुष काढा, एवढंच मागणं आहे.

शेंडेफळ
वरचं चिडवणं मागे घेते. काका, लिहिलंत ते बरं केलंत.

रातराणी
मी माहेरचं लिहिते. या विषयावर कुणी बोलतच नाही.

माझी मावशी अविवाहित. आजी-आजोबा गेल्यावर ती मोठ्या मामाकडे राहिली, म्हणजे त्याच घरात जिथे तिचा जन्म झाला. मामानं तिला कधी मारल्याचं आम्ही पाहिलं नाही. तिचं पासबुक त्याच्याकडे, घराच्या कागदांवर सही करत नाही म्हणून तिच्या खोलीचा दिवा काढून ठेवलेला, आणि आम्ही भाचवंडं गेलो की तिनं बाहेर येऊन बोलायचं नाही. पाहुण्यांना सांगितलं जायचं, 'तिचं डोकं जरा ठीक नसतं'. हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलं की आम्हालाही ते खरं वाटायचं. नवऱ्यानं असं वागवलं असतं तर चार लोकांनी 'सोड त्याला' म्हटलं असतं. भावाला सोडून जायचं कुठे? माहेरून पळून माहेरी जाता येत नाही.

शेवटी तिच्या बँकेतल्या एका ओळखीच्या बाईंनी ओळखलं. सही करायला आली की ही मामाच्या तोंडाकडे बघते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मामाला बाहेर बसवून हिला एकटीला आत बोलावलं. पुढचं सगळं त्या पाच मिनिटांमुळे झालं.

टिंबटिंब
रातराणी... मावशी आता कुठे आहे?

रातराणी
स्वतंत्र राहते. डोकं एकदम ठीक आहे, रोज मला राजकारणावर लांबलचक निरोप पाठवते.

सलाईन
मी परिचारिका आहे. रातराणीनं लिहिलंय तेच, एकटीला आत बोलावणं, हाच आमच्याही कामाचा गाभा. सोबत आलेला माणूस सगळी उत्तरं देत असेल, जखमेचं वय आणि सांगितलेली गोष्ट जुळत नसेल, जखम होऊन फार उशिरा आणलं असेल, तर आम्ही वजन करायच्या नाहीतर लघवी तपासायच्या निमित्तानं पेशंटला आत नेतो. मग साधं विचारायचं, 'घरी कुणाची भीती वाटते का?' 'तुमच्यावर हिंसाचार होतो का' असं विचारलं तर नाही म्हणतात.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच विचारावर. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात येतेच येते. त्याआधी १९८४ पासून मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं चालू केलेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, तसे कक्ष पुढे राज्यात इतरत्रही झाले. तिथे पोलिसांशेजारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात.

एक गोष्ट फलकावर घ्याच घ्या. गळा दाबणं. पुष्कळदा वळ दिसत नाही, आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, कधी पेशंट नुसता गोंधळलेला असतो. लोक म्हणतात, 'फक्त गळा धरला होता, मारलं नाही'. एकदा गळा धरणाऱ्याकडून पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. अंगावर खूण नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि काय झालं ते स्वतःच्या शब्दांत केसपेपरवर लिहून घ्या. 'पडल्यामुळे' असं एकदा लिहिलं गेलं की ते पुसणं अवघड.

जुना खेळाडू
हे गळ्याचं मला माहीत नव्हतं. वाचून जरा हललो.

पायरी क्र. शून्य
मी चाकाच्या खुर्चीवर असते, म्हणून हे नाव. वरच्या यादीत अपंग माणसाचा उल्लेख वकीलसाहेबांच्या कलमांपुरता आलाय, म्हणून थोडं सविस्तर.

आमच्यावर हात उगारायची गरजच नसते. खुर्ची दोन हात लांब ठेवली की झालं. श्रवणयंत्राची बॅटरी 'संपली', पांढरी काठी 'कुठेतरी ठेवली गेली', बाथरूमला न्यायला तासभर 'विसरलो', झोपेची गोळी अर्ध्याऐवजी एक. यातलं एकही कृत्य बाहेरच्या माणसाला हिंसा दिसत नाही. उलट 'किती सेवा करतात हो तिची' असं माझ्याच समोर म्हणतात! आणि तक्रार केली तर उद्या सकाळी मला उठवून बसवणार कोण? तोच माणूस. मूकबधिर स्त्रीचं तर आणखी अवघड. तिच्या खुणांचा अर्थ पोलिसांना सांगायला घरचाच कुणीतरी उभा असतो, आणि तक्रार बहुधा त्याच्याचविरुद्ध असते.

दिव्यांगजन कायद्याच्या कलम ७ खाली कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना अशी माहिती देऊ शकते. माहीत असलेली माणसं मला फार भेटलेली नाहीत. त्यात पोलिसांत असलेलेही धरा.

ओसरी
@पायरी क्र. शून्य, 'हात उगारायची गरजच नसते' हे वाक्य तुमच्या परवानगीनं फलकावर घेऊ का?

पायरी क्र. शून्य
घ्या. फलक मात्र बसलेल्या माणसाच्या उंचीवर लावा.

कागदी होडी
इथे एक फाटा फोडते. वरच्या बहुतेक अनुभवांत मारहाण कमी आणि ताबा जास्त आहे. पासबुक, खुर्ची, फोन, दिवा. इव्हान स्टार्क या अभ्यासकानं २००७ मध्ये यावर सविस्तर मांडणी केली: एकेक घटना सुटी मोजली तर क्षुल्लक दिसते, पण सगळ्या मिळून माणसाचं स्वातंत्र्यच गिळतात. त्या मांडणीचा पुढे कायद्यांवरही परिणाम झाला. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं जवळच्या नात्यातलं असं नियंत्रण स्वतंत्र गुन्हा ठरवलं. तिथल्याच २०२१ च्या कायद्यानं घरातली हिंसा पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलांना साक्षीदार न म्हणता पीडितच मानलं.

शेंडेफळ
मुलांचं मी लिहिणारच होते. आम्ही तिघं भावंडं दार बंद करून रेडिओ मोठा लावायचो. मोठेपणी प्रत्येकाचं वेगळं झालं. दादा कुणाशीच वाद घालू शकत नाही, लगेच खोलीतून उठून जातो. ताई उलट, आधी वार करते. मी विनोद करते (वर पाहिलंतच). शाळेत एका बाईंनी विचारलं होतं, 'झोप होत नाही का गं?' पुढे काही झालं नाही, पण कुणीतरी विचारलं हे लक्षात राहिलंय. ओसरीताई, शिक्षकांसाठी वेगळा फलक करा, आणि त्यावर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन घाला. मूल स्वतःही त्यावर फोन करू शकतं.

दुसरी बाजू
माझ्या हँडलवरून कळेलच. दोन पुरुष जोडीदार एका घरात राहतात, त्यातला एक दुसऱ्याला मारतो. तक्रार करायला गेलं की आधी नातं सांगावं लागतं, आणि नातं सांगितलं की घरच्यांना कळवण्याची धमकी, जी जोडीदारानं आधीच हजारदा दिलेली असते. 'दोघंही पुरुष, तुम्हीपण मारा की' हा सल्ला मित्रांकडून. एवढंच लिहितो. चित्रात घेतलंत तर बरं वाटेल, नाही घेतलंत तरी समजू शकतो.

ओसरी
घेणार.

टिंबटिंब
शेजाऱ्यानं काय करायचं यावर कुणी बोलेल का? २००८ साली ब्रेकथ्रू संस्थेची 'बेल बजाओ' मोहीम होती ना? शेजारी आवाज आला की जाऊन बेल वाजवायची, काहीतरी फुटकळ मागायचं आणि परत यायचं. मला ती कल्पना अजून आवडते. कुणाला जाब विचारायला नको की भाषण द्यायला नको.

अर्धविराम
बेल मी वाजवली आहे. त्या क्षणापुरतं थांबलं. दुसऱ्या दिवशी ती मला जिन्यात म्हणाली, 'तुम्ही आलात, नंतर मला जास्त बसलं, की मीच तुम्हाला सांगितलं म्हणून'. तेव्हापासून माझा हात बेलकडे जाताना थबकतो.

सलाईन
@अर्धविराम, थबकणं स्वाभाविक आहे. बेल वाजवताना तिचं नाव त्यात यायलाच नको. पाणी येतंय का, पार्सल चुकून आलंय का, लिफ्ट बंद आहे का, असलं काही. आत जे चाललं होतं ते आपण ऐकलं, हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. आणि त्याला एकट्याला गाठून समज देण्याचा मोह टाळा. शूर वाटतं, भोगावं तिला लागतं. जिवाला धोका वाटला तर बेलही नको, सरळ ११२.

लंबकर्ण
त्यात भर: नंतर ती व्यक्ती एकटी असताना विचारा. उपदेश नको. 'सोडून दे' तर अजिबातच नको. माझ्या एका सहकाऱ्यानं फक्त म्हटलं होतं, 'माझ्याकडे एक खोली रिकामी असते. कारण विचारणार नाही'. सहा महिने मी काहीच केलं नाही. पण खोली आहे हे डोक्यात होतं.

वकिली चष्मा
'सोडून दे' नको याला सुरक्षिततेचंही कारण आहे. सोडून जाण्याचा आणि त्यानंतर लगेचचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला कळतं. निघायचं तर तयारीनं. कागदपत्रांच्या प्रती बाहेर विश्वासू व्यक्तीकडे, थोडे पैसे, रोजची औषधं, मुलांचे दाखले. फोनवर लोकेशन कुणाला दिसतंय ते तपासा, ईमेल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडं नाही ना ते बघा. हा धागासुद्धा घरच्या सामायिक संगणकावर वाचत असाल तर जपून. तातडीचा आदेश हवा असेल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दंडाधिकारी एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात. आणि अर्ज सध्या जिथे तात्पुरता आसरा घेतलाय तिथल्या न्यायालयातही चालतो, सासरच्या गावी जावं लागत नाही.

दगडू नाना
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी दुपारी कुणी ड्रिल मशीन लावलं तर पाच मिनिटांत नियमावलीच्या पीडीएफसकट चाळीस निरोप पडतात. तिसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली त्या रात्री ग्रुपवर एकच निरोप होता: 'शुभ रात्री' आणि फुलाचं चित्र.

टिंबटिंब
नाना, हसावं की रडावं.

जुना खेळाडू
आमच्या ग्रुपचा ॲडमिन मीच आहे. बोलत नाही काही.

कोरा कागद
नवीन सदस्य आहे. नाव-गाव न लिहिता विचारतो. ओळखीतले एक गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढे. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. आता त्यांना एका खोलीत ठेवलंय, बाहेरून कडी असते, जेवण आत सरकवतात. ते स्वतः तक्रार करायला तयार नाहीत, म्हणतात 'माझाच मुलगा आहे'. काही करता येतं का?

संपादक मंडळ
कोरा कागद, ओळख पटेल असा कुठलाही तपशील इथे टाकू नये. इतरांनीही व्यक्तिगत निरोपात चौकश्या करू नयेत.

वकिली चष्मा
@कोरा कागद, येतं. बाहेरून कडी आणि वय ऐंशी, म्हणजे आग लागली किंवा पडले तर काय, हा विचार करून आधी १४५६७ वर फोन करा. ती ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. माणसाला कोंडून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे, त्यामुळे प्रकृती ठीक नाही असं वाटलं तर ११२.

मग २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात असतं. अर्ज ते स्वतः करू शकतात, त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. त्यांची तक्रारीची तयारी नसताना हा शेवटचा भाग महत्त्वाचा. निर्वाहाची कमाल मर्यादा या कायद्यात महिना १०,००० रुपये आहे. घराबद्दल कलम २३: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. ती अट होती की नव्हती यावरच बहुतेक प्रकरणं अडतात. म्हणून वाचणाऱ्या सर्व ज्येष्ठांना: बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मुलगा गुणी असला तरी.

सलाईन
आणि त्यांना 'मुलाविरुद्ध तक्रार' असं म्हणू नका. ते दार तिथेच बंद होईल. 'तुमची औषधं वेळेवर मिळावीत, कडी निघावी म्हणून कुणाला तरी बोलावू का' असं विचारून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सहापैकी एका माणसाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. बहुतेक जण मुलाची बदनामी नको म्हणून गप्प असतात.

कोरा कागद
फोन केला आहे. उद्या कुणीतरी येणार म्हणाले. खुणेचा उपयोग होईल का? ती हाताची खूण असते ती, अंगठा आत घेऊन मूठ मिटायची.

कागदी होडी
ती २०२० मध्ये कॅनडातल्या एका महिला प्रतिष्ठाननं टाळेबंदीच्या काळात काढली, व्हिडिओ कॉलवर न बोलता मदत मागता यावी म्हणून. तळहात समोर, अंगठा आत, बोटं त्यावर. तरुणांना शिकवायला चांगली. पण ज्यांच्या खोलीत फोनच नाही त्या आजोबांनी ती करायची कुणाला?

पायरी क्र. शून्य
आणि ज्यांची बोटं मिटत नाहीत त्यांनी?

लंबकर्ण
माझा जुना प्रश्न अजून तसाच आहे. पुरुषासाठी नंबर कुठला लिहिणार?

वकिली चष्मा
तातडीला ११२. मनाच्या अवस्थेसाठी १४४१६, ती टेली-मानस सेवा सगळ्यांसाठी आहे. कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. मोफत वकील स्त्रियांना उत्पन्न न बघता मिळतो, पुरुषांना सहसा उत्पन्नमर्यादेत. पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

ओसरी
सगळं वाचून काल रात्री मसुदा केला. एका मोठ्या चित्राऐवजी एका इमारतीचा उभा छेद: खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक वस्तू. बाहेरून लावलेली कडी, लांब सरकवलेली चाकाची खुर्ची, दुसऱ्याच्या हातातलं पासबुक, रेडिओला कान लावून बसलेली मुलं, फोन तपासणारी बाई आणि समोर उभा पुरुष, एका घरात दोन पुरुष आणि मधे फुटलेला चष्मा. जुनी ती बाईसुद्धा आहे, तिला काढलेलं नाही. खाली एकच प्रश्न, सलाईनचा: 'घरी कुणाची भीती वाटते का?' मग नंबर: ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, १४४१६, १५१००. शेजाऱ्यांसाठी कलम ४ दोन ओळींत.

जुना खेळाडू
एक सुचवू? 'माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही' ही ओळ वर घ्या, ठळक. माझ्यासारखे तिथेच अडतात. आणि पीडीएफ द्या, आमच्या ग्रुपवर टाकतो.

दगडू नाना
शुभ रात्रीच्या आधी टाका, नंतर कुणी वाचत नाही.

सलाईन
फलक सूचनाफलकावर लावू नका, तिथे उभं राहून वाचताना सगळे बघतात. दवाखान्यात आम्ही स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावतो. सोबतचा माणूस तिथे आत येत नाही. नंबर कागदी पट्टीवर द्यायचे तर वर दुसरंच काहीतरी छापा, रक्तदान शिबिर वगैरे, म्हणजे पर्समध्ये सापडलं तरी चालेल.

रातराणी
बँकेतही लावा. मी मावशीच्या शाखेत विचारते.

पायरी क्र. शून्य
आणि १४५६७ चे आकडे मोठे छापा. चष्मा कुणाच्या ताब्यात असेल सांगता येत नाही.